उघड्या दाराची आकडी

वळवाचा पाऊस येण्याआधी वारा येतो, आणि तो आल्याची वर्दी घराला दारं देतात. दुपारभर सगळं चिडीचूप असतं. पंख्याखाली माणसं लवंडलेली असतात, दुधाच्या पातेल्यावर जाळी असते, दोरीवरचे कपडे हलत नाहीत. मग पश्चिमेकडून मातीचा वास येतो, पडदा एकदम आडवा होतो आणि कुठलं तरी दार धाडकन आपटतं. चौकट हादरते, खिळ्यावरचं कॅलेंडर डोलतं, निजलेलं मूल दचकून उठतं आणि रडायला लागतं. स्वयंपाकघरातून हाक येते, "अरे, त्या दाराला काहीतरी लावा रे!"

मग जे कुणी उठतं ते हाताला लागेल ती वस्तू दाराशी नेऊन ठेवतं. वरवंटा, भरलेली बादली, रिकामा सिलिंडर, वर्तमानपत्राची घडी. एखादी गृहिणी जुना पंचा घेते आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठींना असा बांधते की दार आपटलं तरी पंचा चौकटीत अडकावा आणि लॅच लागू नये. दार लावायच्या वस्तू घर बांधतानाच येतात. उघडं ठेवायची वस्तू मात्र दार एकदा आपटल्यावरच आठवते.

दार आपटतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. घराची एक खिडकी वाऱ्याच्या तोंडाला उघडी असते, दुसरी पाठीमागे. वारा इकडून शिरतो, तिकडून निघून जातो, आणि त्याच्या वाटेत दार अर्धवट उघडं उभं असतं. सात फूट उंच, तीन फूट रुंद, ते लाकडाचं शीडच. वारा त्याला ढकलतो, दार हलतं, फट अरुंद होते. फट अरुंद झाली की हवेची वाट अडते, दाराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि दार आणखी जोरानं रेटलं जातं. म्हणून दार निघतं सावकाश, पण शेवटच्या वीतभर अंतरात ते कुणाला आवरत नाही. लहान मुलांची बोटं सापडतात ती याच वीतभरात. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, मे महिन्यातल्या संध्याकाळी असा वारा सहज सुटतो. तो दोन चौरस मीटरच्या दारावर सरळ आदळला तर जवळजवळ १२ किलो वजनाचा रेटा बसतो. हा रेटा झेलत कुणीतरी उभं राहायला हवं. माणूस किती वेळ उभा राहणार? त्याच्या जागी एक लहानशी वस्तू उभी राहते, आणि तिच्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही, याचं मला फार वाटतं.

पुण्यात बोहरी आळीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभं राहावं. समोरची अख्खी भिंत दारं बंद करायच्या सामानानं भरलेली असते. कड्या, कोयंडे, अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट, लॅच, पितळी कुलपं, अलिगढची कुलपं, तीन किल्ल्यांची, चार किल्ल्यांची, आणि आता बोटाच्या ठशावर उघडणारी. काचेच्या कपाटात, मखमलीवर मांडलेली. दार उघडं ठेवायचं काहीतरी द्या म्हटलं की दुकानदार खाली वाकतो आणि गल्ल्याखालचा एक खण ओढतो. त्या खणात सगळं एकत्र पडलेलं असतं : रबरी पाचरी, स्प्रिंगचे दट्टे, चुंबकाचे गोल, पायानं खाली पाडायचे घोडे, आणि तळाशी लोखंडी आकड्या. माणसानं दार मिटून घेण्यावर किती बुद्धी आणि किती पितळ खर्च केलं आहे ते त्या भिंतीवर दिसतं. दार उघडं राहावं म्हणून त्यानं जो विचार केला तो या एका खणात मावतो. मला त्या खणापाशी रेंगाळायला आवडतं.

रबरी पाचर सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्यांत शहाणी. तिचं पातळ टोक दाराखाली सरकवायचं, बस्स. वारा दाराला मिटायला ढकलू लागला की दार पाचरीच्या जाड अंगावर चढू पाहतं, पाचर खाली दाबली जाते, फरशीला अधिकच घट्ट धरते. जो तिला हलवायला येतो त्याच्याच जोरावर ती घट्ट बसते. फक्त तिचा उतार अगदी मंद हवा, आणि फरशी पकड देणारी हवी. शहाबादीवर पाचर पाय रोवून उभी राहते. चकचकीत संगमरवरावर, त्यातून नुकतं पुसून घेतलेलं असलं तर, तिचा इलाज चालत नाही. चुंबकाचा गोल दिसायला देखणा. दार अलगद त्याच्याशी जाऊन भिडतं, 'टक्' असा आवाज होतो, आणि परत घ्यायचं तर थोडा झटका द्यावा लागतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, त्याच्या समोरची लोखंडी चकती दोन पावसाळ्यांत तांबडी पडते. पायाचा घोडा दवाखान्यांत दिसतो, कारण तिथे हात रिकामे नसतात. एका पायानं पाडायचा, दुसऱ्या वेळी त्याच पायानं उचलायचा.

स्टॉपर कुठे बसवला आहे यावरून सुतार ओळखावा. नव्या घरात काम करायला आलेल्या सुताराला मी म्हटलं होतं की तो बिजागरीच्या जवळ, दाराच्या आड लावा, म्हणजे येता-जाता पायात येणार नाही. तो काही बोलला नाही. त्यानं दार अर्धं उघडलं आणि म्हणाला, "ताई, इथे कडेला एका बोटानं ढकला." दार हललं. मग त्यानं माझं बोट बिजागरीजवळ न्यायला सांगितलं. "आता इथे ढकला." बोट दुखलं, दार जागचं हललं नाही. "तुम्हाला जेवढा जोर लागला ना, तेवढाच जोर स्टॉपरलाही लागणार. दिसायला बरं दिसेल, पण पहिल्या वावटळीत स्क्रू उपटून येतील."

हिशेब त्याच्या बाजूनं होता. वाऱ्याचा १२ किलोचा रेटा दाराच्या मध्यावर धरला तर मोकळ्या कडेला असलेल्या स्टॉपरला त्यातला ६ किलोच पेलावा लागतो. तोच स्टॉपर बिजागरीपासून पाव अंतरावर असला तर त्याच्यावर २४ किलो येतात. आणि दार झोकानं येऊन थडकतं तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. स्टॉपर बिजागरीपासून दोन-तृतीयांश रुंदीवर असेल, म्हणजे तीन फुटी दाराला दोन फुटांवर, तर त्या थडकेचा हिसका बिजागरीला जाणवतच नाही. त्याच्या आत असेल तर बिजागरीला एका दिशेनं धक्का बसतो, बाहेर असेल तर उलट दिशेनं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे गणित दांडी आणि खिळा काढून समजावलेलं असतं. त्या सुतारानं ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यानं उपटलेल्या बिजागऱ्या पाहिल्या होत्या, दुरुस्त केल्या होत्या. त्याची जागा कडेपासून टीचभर आत आली. खाली गुडघे टेकून त्यानं आधी पेन्सिलीनं फुली मारली, दार तीनदा आणून पाहिलं, मग भोक पाडलं.

पण या सगळ्या मंडळीत माझा जीव आहे तो आकडीवर. जुन्या घरांतून ती अजून आहे. करंगळीएवढ्या जाडीची लोखंडी सळई, वीतभर लांब, एका टोकाला वळवून भिंतीतल्या डोळ्यात कायमची अडकवलेली, दुसऱ्या टोकाला बाक दिलेला. दाराच्या पाठीवर एक कडी. दार भिंतीपर्यंत न्यायचं आणि आकडी कडीत अडकवायची. तिच्यात स्प्रिंग नाही, चुंबक नाही, झिजून निकामी होईल असा भागच नाही. लोहारानं भट्टीतून काढून तीन-चार घाव घातले की आकडी तयार. नीट पाहिलं तर तिच्या आतल्या बाकाला एक चकचकीत जागा असते. बाकी सगळी सळई काळी किंवा तांबूस, पण जिथे कडी टेकते तिथे लोखंड रोज घासलं जाऊन रुप्याच्या रंगाचं झालेलं. आणि भिंतीवर, डोळ्याच्या खाली, चुन्यात उमटलेली एक कमान. आकडी सोडली की ती खाली लोंबते, मागेपुढे झुलते आणि झुलताना भिंतीला खरचटते. वर्षानुवर्षं रोज सकाळी लावली, रोज रात्री सोडली, की तेवढी कमान खोल होते. घर किती वर्षं उघडं राहत आलं आहे याची नोंद एवढ्या ठळकपणे दुसरं कुणी ठेवत नाही. नवा रंग देताना रंगारी लांबी भरून ती कमान बुजवतो. मला वाटतं, तेवढी राहू द्यावी.

आमच्या आजोळच्या घराला मात्र आकडी नव्हती. तिथे पासरी होती, म्हणजे जुन्या मापातलं लोखंडी वजन. आजोबांचं किराण्याचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या पाठीमागे. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला, पुढच्या काही वर्षांत किलो-ग्रॅम आले आणि शेर, अच्छेर, पासरी अशी सगळी जुनी मापं तराजूवरून उठली. लहान मापं कुठे गेली कोण जाणे. पासरी राहिली, माजघराच्या दाराशी. काळी, बसकी, वर उचलायला कडी, आणि उलटी केली की तळाला शिसं भरलेलं एक भोक आणि त्यावर सरकारी ठसा. ज्या वजनानं कित्येक घरांचं धान्य मोजून दिलं, ते आता दार मागे धरून बसत असे. आजी कामात असताना पदर सावरत तिला पायानं सरकवायची. आम्ही मुलांनी तसं केलं की मात्र ओरडायची, कारण आमच्या पायाला पासरीचं मोल ठाऊक नव्हतं, आणि तिच्या पायाला होतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पासरी धुऊन पुसून दुकानात जायची. वह्या, तराजू, नवी वजनं, आणि त्यांच्या शेजारी ही जुनी. तिलाही हळदकुंकू, तिलाही फूल, तिलाही धने-गूळ. पण मग माजघराचं दार? नेमकं त्या संध्याकाळी ते मिटून चालायचं नाही. मग आम्हा मुलांतल्या एकाला तिथे उभं करायचे. नवे कपडे घालून, दाराला पाठ लावून, पूजा संपेपर्यंत. आतून आरती ऐकू यायची, बाहेर फटाके वाजायचे, आणि दार सारखं पाठीवर यायचं. बाकीचं वर्षभर ती काळी वस्तू काय करते ते तेव्हा पाठीला कळायचं.

दार धरून ठेवायची वस्तू यंत्र म्हणून नोंदवली जाण्याएवढी महत्त्वाची मानणारी माणसं जगात होती. १० डिसेंबर १८७८ या दिवशी वॉशिंग्टनच्या ऑस्बोर्न डॉर्सी या माणसाला अमेरिकेत दार धरून ठेवणाऱ्या साधनाचं पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक २,१०,७६४. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संशोधकांत आज त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. त्या देशात गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा अवघी तेरा वर्षं झाली होती. डॉर्सीच्या समाजाला किती दारं मिटलेली होती हे आपण जाणतो, म्हणून ती तारीख वाचताना मी थांबते. इंग्लंडात त्याच शतकात ओतीव लोखंडाचे सिंह आणि बाहुल्यांच्या खेळातल्या पंच-ज्युडीच्या आकृत्या दाराशी बसवायची पद्धत होती. कारण तिथल्या काही दारांना चढत्या बिजागऱ्या असत. दार उघडताना ते किंचित वर चढे आणि सोडलं की आपल्याच वजनानं उतरून मिटे. थंडी आत येऊ नये म्हणून मिटणारं दार, आणि येणाऱ्याला वाट असावी म्हणून त्याला अडवणारा लोखंडी सिंह.

आपल्याकडे थंडीची भीती नव्हती, त्यामुळे दिवसा दार मिटण्याला कारणच लागे. आणि दिवेलागणीला तर दार उघडं ठेवायची आज्ञाच. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडायचं, मागचं लावायचं, देवाशी दिवा लावायचा. लक्ष्मी पुढून येते, मागून जाऊ नये म्हणून. ही रीत पाळणाऱ्या बायकांनी वाऱ्याचा अभ्यास केला होता असा माझा दावा नाही, पण मागचं दार लावलं की घरातून आरपार जाणारी वाऱ्याची वाट तुटते आणि पुढचं दार आपटायचं थांबतं, हेही खरं आहे. देवापुढची ज्योत स्थिर राहते. पुढचं दार कशाच्याही आधाराशिवाय उघडं राहतं. ही सांज मी अजून पाळते. फ्लॅटला मागचं दार नसतं, म्हणून ड्राय बाल्कनीचं दार लावते.

गिरगावच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे सगळं सांगावं लागत नाही. तिथे गॅलरीवर उघडणारी सगळी दारं सकाळी एकदा उघडली की रात्री निजानीजेपर्यंत उघडी. दारात फार तर पडदा. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं पोर अभ्यासाला बसलंय, कुणाचा खोकला वाढलाय, हे गॅलरीतून जाता-जाता कळायचं. त्या उघडेपणाचा जाच होता, तो विसरू नये. नव्या नवरीला, आजारी माणसाला, भांडणाला, कशालाच आडोसा नव्हता. तरी एखाद्याचं दार सकाळी उघडलं नाही तर नऊच्या आत कुणीतरी कडी वाजवायचं. आज आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि प्रत्येकाला दोन दारं : बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, आत लॅचचं. दोन्ही आपोआप मिटणारी. कचरा ठेवायला बाहेर आलेलं माणूस पाठीमागे लॅच लागून अडकतं, आत गॅसवर कुकर आणि पाळण्यात बाळ. अशी हाक आली की बाकीची तिन्ही दारं उघडतात, चावीवाल्याला फोन जातात, आणि त्या अर्ध्या तासात मजल्यावर चाळ परत येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरची आठवण या विषयात कुणीतरी काढतंच. तिथल्या घरांना परंपरेनं चौकटी असतात, दारं नसतात. २०११ साली युको बँकेनं तिथे कुलूप नसलेली शाखा काढली तेव्हा देशभर बातमी झाली. त्या गावाच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण माझ्या मनात जे उघडं दार आहे ते हे नव्हे. फळीच नसेल तर मिटण्याचा प्रश्नच येत नाही. मिटता येत असताना, वारा मिटायला सांगत असताना, जे कुणीतरी मुद्दाम धरून ठेवलं आहे, त्या दाराशी मला काम आहे.

असं दार महाराष्ट्रात एक आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढी आणि कार्तिकीच्या वारीला पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढतात. एरवी रात्री शेजारती होते, देव निजतो, दार लागतं. वारीच्या दिवसांत शेजघरातला पलंगच काढून ठेवला की देवाला निजायची सोय राहत नाही. चोवीस तास दर्शन सुरू. रात्री दोन वाजता बारीत उभ्या असलेल्या म्हातारीलाही दार उघडं. आणि अहोरात्र उभ्या असलेल्या त्या देवाला शीण होईल म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड ठेवतात. वारी सरते, प्रक्षाळपूजा होते, मग लोड निघतो, पलंग परत जातो. दार उघडं ठेवणं म्हणजे कुणीतरी उभं राहणं, आणि जो उभा राहतो त्याच्या पाठीला आधार लागतो, हे ज्यांनी पहिल्यांदा ओळखलं आणि लोड आणून ठेवला, त्यांच्या समजुतीपुढे मी हात जोडते.

पण त्याच देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे, समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आणि त्यांच्यामागून त्यांच्या समाजाला शतकानुशतकं तिथवरच येता आलं. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. मंदिर हरिजनांना खुलं करायचं ठरलं तेव्हाच ते सुटलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने होते. त्यांच्या पत्रांत, भाषणांत ओलावा फार, पण त्या दिवसांत त्यांनी जे केलं ते अगदी लोखंडी काम होतं. दारात पाय रोवून उभं राहायचं आणि हलायचं नाही.

वाड्याच्या मोठ्या दरवाजाला रोजच्या वापरासाठी दिंडी असते. वाकून आत जायचं लहान दार. मोठ्या फळ्या अडसर घालून बंदच. घरातल्या दुपाखी दाराचंही तसंच. एक पाख वर-खाली खिट्टी लावून स्थिर, दुसरं रोजच्या ये-जा करण्याचं. दोन्ही पाखं उघडून दोन्ही आकड्या लावायची वेळ क्वचित येते. नवं कपाट आत घ्यायचं असतं तेव्हा. मांडवाच्या दिवशी. आणि घरातलं माणूस शेवटचं बाहेर न्यायचं असतं तेव्हा. त्या दिवशी गंजलेली खिट्टी निघत नाही, कुणीतरी तेलाची बाटली आणतं, कुणीतरी हातोडीनं हलकेच ठोकतं, आणि आत रडणारी माणसं तो ठोकण्याचा आवाज ऐकत असतात. म्हणून सांगते, न वापरल्या जाणाऱ्या पाखाच्या खिट्टीला वर्षातून एकदा तेल घालावं.

आणि काही दारं उघडी ठेवूच नयेत, हेही याच प्रेमापोटी सांगितलं पाहिजे.

उंच इमारतींत लिफ्टच्या बाजूला जिन्याचं एक जड दार असतं. त्यावर 'हे दार नेहमी बंद ठेवा' अशी पाटी असते. हे आगीचं दार. एक-दोन तास आग आणि धूर अडवावा अशा बेतानं ते केलेलं असतं, आणि ते आपोआप मिटायलाच हवं. त्यासाठी वर डोअर क्लोजर असतो. एका नळकांड्यात स्प्रिंग आणि तेल. दार उघडताना स्प्रिंग दाबली जाते, सोडलं की स्प्रिंग दार ओढते, तेल तिला सावकाश ओढायला लावतं. बहुतेक क्लोजरना दोन स्क्रू असतात. एकानं दाराचा सगळा प्रवास हळू करता येतो, दुसऱ्यानं शेवटचं चार बोटं अंतर. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं अधिक दगावतात. जिन्याची दारं मिटलेली असली तर जिना काही काळ धुरावाचून राहतो आणि वरच्या मजल्यांवरची माणसं उतरू शकतात. एका मजल्याचं दार जरी उघडं राहिलं तरी जिन्याचं धुराडं होतं.

आणि नेमकं हेच दार आपण उघडं ठेवतो. कारण साधं असतं. मजल्यावर उजेड नाही, वारा नाही, मुलं सायकल घेऊन ये-जा करतात, कामाला येणाऱ्या मावशींना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ते दार ढकलणं जड जातं. मग तिथे वीट येते. वीट दिसायला बरी नाही म्हणून तिच्या जागी तुळशीची किंवा मनीप्लँटची कुंडी येते. कुणी तर क्लोजरचा हात तारेनं बांधून टाकतं. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. वाऱ्याची, उजेडाची, हात भरलेल्या माणसाची काळजी घेणारी तीच सवय इथे घात करते.

यावर तोडगा आहे, आणि तो मला या सगळ्या खणातला सगळ्यांत सुंदर वाटतो. भिंतीवर एक विद्युतचुंबक बसवायचा, दाराच्या पाठीवर लोखंडी चकती. तारेतून, बहुतेक ठिकाणी २४ व्होल्टची, वीज वाहत असेतो चुंबक दार धरून ठेवतो. मुलं जातात, मावशी जातात, वारा येतो. धुराची सूचना देणारा भोंगा वाजला की वीज तुटते, चुंबकाची पकड सुटते आणि क्लोजर आपलं काम करतो. तार जळली तरी तेच, वीज गेली तरी तेच. विजेचं काहीही बिघडलं तरी दार मिटण्याच्याच बाजूला जातं. मोठ्या रुग्णालयांच्या लांब बोळांत अशी दारं असतात. दोन्ही पाखं भिंतीला चिकटून दिवसभर उघडी, मधून स्ट्रेचर जातात, नातेवाईक डबे घेऊन जातात. भोंग्याच्या चाचणीच्या दिवशी ती सगळी दारं एकाच वेळी भिंतीपासून सुटून सावकाश मिटताना पाहायला मिळाली तर जरूर थांबून पाहावीत.

आपल्या सोसायटीत असे चुंबक बसवायचे असतील तर पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडावा लागेल, कोटेशनं मागवावी लागतील, महिने जातील. तोवर जिन्याचं दार मिटलेलंच बरं. आज जेवणं झाली की आपल्या मजल्यावरच्या त्या दाराशी जाऊन बघा. तार बांधलेली असेल तर सोडा. क्लोजर फार जड असेल तर स्प्रिंगचा ताण थोडा कमी करून घ्यायला सांगा, म्हणजे मावशींना त्रास होणार नाही, पण दार पुरतं मिटतंय ना तेवढं बघून घ्या. वीट असेल तर उचलून खाली नेऊन ठेवा. आणि कुंडी असेल तर ती कुणाची आहे ते शेजारी विचारून गच्चीवर न्या. जिन्यात तसंही तिला ऊन मिळत नव्हतं.